उतरणीचा चढ

मार्च उजाडला की आमच्या पाड्यावर दोन आवाज एकदम सुरू होतात. एक मोहाची फुलं पडल्याचा. सकाळच्या गारव्यात, पानं गळालेल्या झाडाखाली, टप, टप, कुणी ओल्या बोटानं जमिनीला हाक मारावी तसा. दुसरा पाठांतराचा. परीक्षा जवळ आली की प्रत्येक ओटीवर एक तरी पोर डोळे मिटून मागंपुढं झुलत असतं.

आज काकाची दीपू झुलत होती. नववीत आहे. "वस्तूचं त्वरण तिच्यावरच्या बलाच्या सम प्रमाणात आणि तिच्या वस्तुमानाच्या व्यस्त प्रमाणात असतं." पुन्हा तेच. पुन्हा तेच. शब्दांतला अर्थ गळून गेला होता आणि नुसता ठेका उरला होता, भगत कुणाच्या अंगातलं वारं उतरवताना पुटपुटतो तसा. मी चुलीपाशी चहा पीत होते. मी कप खाली ठेवून तिच्याकडे बघायला लागले.

दीपू थांबली. "काय गं ताय, चुकलं?"

"नाही. बरोबर आहे."

"मग अशी का बघतेस? भूत बघितल्यासारखी?"

भूत नसतं. हे वाक्य मी बाराखडी पुरी यायच्या आधी वाचलं. आमच्या कुडाच्या घराला आतून पत्रकं चिकटवलेली होती. बापूस मोर्च्यांतून उरलेली घेऊन यायचा, गुलाबी, पिवळी, फिकट हिरवी. आणि आई भाताच्या पेजेनं ती भिंतीला लावायची, वारा आत येऊ नये म्हणून. पायाशी जमिनीचं पत्रक, दाराशी रेशनचं, आणि माझ्या उशाशी हे: 'भूत नसतं. भुताची भीती दाखवणारा माणूस असतो.' बापूस माझं बोट त्या अक्षरांवरून फिरवायचा. इतर पोरं पाटीवर शिकली, मी भिंतीवर शिकले. त्या वाक्याशी मी आजही इमान राखून आहे. म्हणूनच पुढचं सांगताना मला शब्द जपून टाकावे लागतात.

गंजाडच्या पुढं, आमच्या डोंगराकडच्या वाटेवर एक चढ आहे. त्याचं नाव उतरणी. नवा माणूस हसतो. चढाला उतरणी कसं म्हणता? कुणी समजूत काढतं, अहो, परत येताना तो उतारच असतो की. ते खरं नाही. तिथं सगळे गाडीतून उतरतात म्हणून ती उतरणी. चढाच्या पायथ्याला कामावर नेणारी गाडी थांबायची, बाया खाली उतरायच्या, पळसाच्या बाजूनं पायवाटेनं वर जायच्या, आणि गाडी रिकामी, एकटी, वळण घेऊन वर येऊन उभी राहायची. उतरायला कुणी सांगत नसे. गाडी थांबली की पाय आपोआप खाली यायचे, देवळाच्या पायरीवर चप्पल निघते तसे.

कारण विचाराल तर जानीमावशी सांगायची. ती आईची मैत्रीण. दोघी डहाणूच्या बाजूला चिकूच्या वाडीत कामाला जायच्या. पूर्वी कधी तरी, रानातलं गवत कापून ट्रकमध्ये भरून वखारीत न्यायचे त्या दिवसांत, गवतावरच बाया बसायच्या, जाता जाता घरापाशी सोडलं जाई म्हणून. तसा एक ट्रक या चढावर थांबला आणि मागं आला. वर बसलेली एक बाई राहिली तिथंच. तिचं नाव कुणाला आठवत नाही. सगळे तिला गवतवाली म्हणतात.

"गाडी भरलेली असली का ती येऊन बसते," जानीमावशी म्हणायची. "बसते तेव्हा गवताच्या पेंढीसारखी हलकी. कळत नाय. वळणापर्यंत गेलं का धोंड्यासारखी होते."

"आणि गाडी रिकामी असली तर?"

"रिकाम्या गाडीत ती कशाला बसंल? तिला सोबत पायजे."

ती जागा जड आहे, असं लोक म्हणत. मी नववीत होते तेव्हा 'जड' हा शब्द मला दोन्हीकडून भेटला. पाड्यावर जड म्हणजे जिथं काही तरी आहे ते. शाळेत जड म्हणजे जे हलायला तयार नाही ते. आमचे विज्ञानाचे सर एक बाक वर्गाच्या मध्ये ओढायचे, एका पोराला ढकलायला लावायचे. बाक सरसर जायचा. मग त्यावर वर्गातल्या दोन पोरींना बसवायचे आणि म्हणायचे, आता तेवढ्याच जोरानं ढकल. बाक कुरकुरायचा. "जोर तोच, पण बाकाला आळस आला बघा," सर म्हणायचे, "कारण माणसं वाढली." आम्ही हसायचो. वाडीतही हेच दिसायचं. रिकाम्या क्रेटला पायानं टोला दिला तर झाडाखालून दुसऱ्या झाडाखाली जायचा. चिकूनं भरला की त्याच टोल्याला जागचा हलत नसे, फक्त अंगठा दुखायचा.

त्या वर्षी मार्चात शाळा सकाळची होती, म्हणून मी आईसोबत त्याच गाडीनं जायची. माझ्या मांडीवर दप्तर, आईच्या मांडीवर भाकरीचं गाठोडं. बायांच्या हातांना चिकूच्या चिकाचा वास, धुतला तरी न जाणारा. उघड्या अंगाला लागणारी गार हवा आणि मधूनच, कुठून तरी, मोहाचा गोड, आंबूस वास. रात्री होळीच्या तयारीची ढोलकी ऐकून झोपलेल्या पोरी एकमेकींच्या खांद्यावर डुलक्या घ्यायच्या. उतरणी आली की जागं करावं लागत नसे. गाडी मंदावली की सगळ्यांचे डोळे उघडायचे.

मी पायवाटेनं चढताना नेहमी मागं बघायची. रिकामी गाडी झाडांच्या मागून वर यायची. आत कुणी नसलेली, पण माणसांचा आकार राहिलेली: फडक्यावर बसल्याच्या खुणा, बाकाखाली आईचं गाठोडं, कुणाची तरी विसरलेली बांगडी. रिकाम्या गाडीकडे फार वेळ बघू नये. ती आपल्याशिवाय बरी चालते हे दिसतं.

मग नवी गाडी आली.

जुना जीपवाला सोडून वाडीच्या मुकादमानं पिकअप आणली. मोठी, पांढरी, चकचकीत. मुकादम म्हणजे वाडीच्या मालकाला माणसं पुरवणारा. बोलायला गोड, अंगात इस्त्रीचा शर्ट. तो त्या दिवशी स्वतः ड्रायव्हरशेजारी बसला होता. मागं फळीपासून फळीपर्यंत बाया दाटल्या होत्या. बसलेल्यांच्या गुडघ्यांत उभ्या, उभ्यांच्या कमरेला धरून आणखी. चढाचा पायथा आला. गाडी थांबली नाही.

"ओ, थांबवा! उतरणी आली!" जानीमावशीनं टपावर थाप मारली.

मुकादमानं खिडकीतून मान बाहेर काढली. "बसा हो मावशी. पॉवरवाली गाडी आहे. उतरायचे दिवस गेले."

"आणि ती बसली तर?"

"कोण? भूत?" तो हसला. मग त्याची नजर माझ्यावर आली. "हिचा बापूसच वाटत फिरतो ना पत्रकं, भूत नसतं म्हणून? मग घाबरता कशाला?"

माझ्या उशाचं वाक्य त्याच्या तोंडात. आपलं ताट दुसऱ्यानं ओढून त्यात जेवायला बसावं, तसं मला वाटलं.

गाडी चढू लागली. पहिल्यांदा काहीच झालं नाही. मग आवाज वाढायला लागला आणि वेग कमी व्हायला लागला. हे दोन्ही एकाच वेळी होताना ज्यानं अंगावर घेतलंय त्यालाच ते कळेल. इंजिन ओरडत होतं, आणि बाजूचा पळस, जो मागं सरकायला हवा होता, तो आमच्यासोबत चालत होता. मग तो थांबला. त्याचं एक लाल फूल मला अगदी डोळ्यांसमोर दिसत होतं, त्याच्या पाकळीवरचा मुंगळाही. सुकलेल्या गवताचा वास आला. मार्चात सगळीकडे गवत सुकलेलंच असतं, हे मला तेव्हाही माहीत होतं.

आणि पळस पुढं सरकला. वीतभर.

"मागं येते!" कुणी तरी किंचाळलं. ब्रेक करकचले, गाडी अडली. आईनं मला दप्तरासकट उचलून फळीवरून खाली टाकलं आणि मागून स्वतः उडी मारली. सगळ्या उतरल्या. कुणी उतरायला सांगितलं नव्हतं. जानीमावशीनं दोन्ही हातांनी धोंडा उचलून मागच्या चाकाला लावला आणि त्यावर पाय देऊन उभी राहिली, जणू गाडी तिच्या एका पायानं थांबणार होती.

माझ्या डोक्यात सरांचा बाक होता. सपाटीवर माणसांसकट गाडीचं वस्तुमान दुप्पट झालं तर जोर तोच ठेवून त्वरण निम्मं होतं. चढावर त्याहून वाईट, कारण माणसं वाढली की गाडीला खाली ओढणारा जोरही वाढतो. एक वेळ अशी येते की वर ढकलणारं आणि खाली ओढणारं सारखंच होतं. पुढं मग खाली ओढणारं जिंकतं. झालं. संपलं. यात गवतवाली कुठेच नाही. मी हे मनात म्हणत असताना ड्रायव्हरनं रिकामी गाडी पुन्हा चालू केली.

ती रिकामी गाडी भरल्यासारखी चढली.

मी खोटं सांगत नाही. आत कुणी नव्हतं, आणि गाडीची मागची बाजू खाली दबलेली होती. तिच्यात बाया असताना जेवढी दबलेली होती, तेवढीच. इंजिन तसंच ओरडत होतं. ती इंचाइंचानं वर गेली, वळणाआड झाली, आणि तरीही तो आवाज बराच वेळ येत राहिला. मोहाचं एक फूल टप्‌कन माझ्या दप्तरावर पडलं.

"बसली," जानीमावशी म्हणाली. चाकाखालचा धोंडा आता नुसताच रस्त्यावर होता. तिचा पाय अजून त्यावरच.

त्वरण कमी असेल तर दोनच गोष्टी असू शकतात. एक तर वस्तुमान जास्त, नाही तर बल कमी. जानीमावशी पहिली म्हणत होती, मी दुसरी. संध्याकाळी कळलं की क्लच जळला होता आणि मागच्या चाकावरचा स्प्रिंगचा पाटा तुटला होता. मी जिंकल्यासारखी तिच्या दारात गेले.

"बघ मावशी. क्लच जळला म्हणून जोर लागला नाही. पाटा तुटला म्हणून मागून बसलेली दिसली. भूत-बीत काही नाही."

ती सुपात मोहाची फुलं पसरत होती. "पाटा तुटाया वजन लागतं का नाय?"

"लागतं. ते आपलंच होतं."

"आपण तर खाली होतो."

"आधी होतो ना वर!"

"मग आपणच ती," जानीमावशी म्हणाली, आणि फुलं पसरत राहिली.

त्या वाक्याचा पुरता तळ मला आजवर लागलेला नाही.

दुसऱ्या सकाळी पाड्याच्या नाक्यावर दुसरी गाडी उभी होती, तेवढीच मोठी. बाया आल्या आणि गाडीपासून हातभर लांब उभ्या राहिल्या. मुकादमानं आधी चेष्टा केली, मग समजावलं. चिकू झाडावर पिकत होता. त्याला थांबता येत नव्हतं. बायांनाही नव्हतं, मार्चात दुसरं काम कुठं असतं? हे दोघांनाही ठाऊक होतं, म्हणून दोन्हीकडचा आवाज खालच्या पट्टीत होता.

"आम्ही येतो की," माझी आई म्हणाली. आई चारचौघांत बोलत नसे. "पायथ्याला उतरणार. आणि तिची जागा सोडणार."

"कुणाची?"

"गवतवालीची. उभ्यानं किती दिवस चढंल ती? तिला बसाया जागा. फळीजवळ, या बाजूला एक."

"आणि त्या बाजूला एक," जानीमावशी म्हणाली. "तिच्या सोबतणीला."

"आणि मध्ये कुणी उभं राहायचं नाय, त्यांच्या पदरावर पाय पडतो," मागून एक पोरगी म्हणाली, आणि हसू दाबायला तिनं तोंडाला पदर लावला.

मुकादमाचा चेहरा हळूहळू बदलला. "म्हणजे तुम्हाला दोन फेऱ्या पाहिजेत!"

"आम्ही कुठं फेऱ्या म्हणतो?" आई म्हणाली. "आम्ही जागा म्हणतो."

"मग त्या भुतांची हजेरीपण लावू का?"

"लावा. काम आमच्याएवढंच करतील."

हशा झाला. पण गाडीत कुणी चढलं नाही. मुकादम रिकामी गाडी घेऊन गेला, आणि ती किती हलकी, किती झरकन गेली ते सगळ्यांनी पाहिलं.

घरी बापूस भडकला. "भूत पुढं करून लढायचं? मी जन्मभर काय सांगत आलो? उद्या हेच भूत तो तुमच्यावर सोडंल!"

"तू सांग ना मग," आई भाकरी थापत म्हणाली. "कायदा सांग. माणसं जास्त भरू नये म्हण. तो ऐकंल?"

"ऐकवायला लागतं!"

"ऐकव. तोवर मी तिची जागा ठेवते."

बापूस भिंतीकडे बघत बसला. मला दोघांचाही राग आला होता, आणि दोघंही बरोबर वाटत होती. परीक्षेच्या वहीतलं एक कोरं पान फाडून मी लिहायला बसले. माझं पहिलं पत्रक. त्यात भूत आहे असं नव्हतं, नाही असंही नव्हतं. लिहिलं होतं की गाडीचा जोर वाढवला म्हणून माणसं वाढवायची असतील, तर चढासाठी जोर उरतच नाही. तो सगळा मालकाच्या फायद्यात जातो. नवी ताकद आली ती आम्हाला सुखानं न्यायला नव्हती, आम्हाला जास्त दाटायला होती. बापसानं ते वाचलं, एका ठिकाणी 'कृपया' लिहिलं होतं ते खोडलं, आणि छापायला घेऊन गेला. नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर, बाजारात, वाडीच्या फाटकावर ते लागलं. बाया कायद्याचं काही बोलल्या नाहीत, आम्ही गवतवालीचं काही बोललो नाही. एकाच गाडीला दोन बाजूंनी खांदा लावल्यासारखं झालं.

वाडीत चिकू मऊ होऊन पडायला लागला. त्याचा सडका गोड वास रस्त्यापर्यंत येत होता म्हणे. होळी पेटायच्या आत गाडी दोन फेऱ्या करायला लागली. फळीजवळच्या दोन्ही जागा रिकाम्या.

आता तो चढ उरलेला नाही. डोंगर कापला, रस्ता रुंद केला, काँक्रीट ओतलं. गाड्या तिथून थांबत नाहीत. पळस गेला, पायवाट मातीच्या ढिगाखाली गेली. उतरणी हे नाव एका फलकावरही नाही. मोठ्या मोठ्या कामांनी आमच्या तालुक्यातले कितीतरी चढ असे सपाट केले आणि दर वेळी सांगितलं, तुमची सोय झाली. जानीमावशी गेल्या भातलावणीत तापानं गेली. बापसाला नीट दिसत नाही, पत्रकांच्या जागी भिंतीवर आलेलं सिमेंट तो हातानं चाचपतो. आई अजून वाडीत जाते.

चहा संपवून मी आज तिच्यासोबतच निघाले. दीपूही शाळेसाठी आली, पुस्तक उघडं ठेवून. गाडीत बाया बसल्या होत्या, आणि फळीजवळ या बाजूला एक, त्या बाजूला एक जागा मोकळी होती. मला वाटलं कुणी तरी यायचं असेल. कुणी आलं नाही. कोवळ्या पोरी, ज्यांनी ती गोष्ट ऐकलेलीही नसेल, त्या जागांना वळसा घालून आत सरकल्या.

मुकादम नवा आहे. तरुण, कानात इयरफोन, दुसऱ्या फेरीसाठी थांबलेल्या बायांकडे बघून त्याला घाई सुटली. "ए, इथं दोन जागा आहेत की! या, बसा दोघी. आणि मध्ये उभ्या राहा चार जणी. एकाच फेरीत होईल."

बाया खाली बघायला लागल्या. आई बाहेर बघायला लागली. त्या फळीवर, रिकाम्या जागी, मोहाची दोन-तीन फुलं पडली होती.

मला सगळं ठाऊक होतं. मेलेल्या बाईचं वस्तुमान शून्य असतं. पण तिची जागा राखली की जिवंत माणसांचं ओझं तेवढं कमी होतं. हे समजावून सांगता आलं असतं. पत्रक काढता आलं असतं, आणि मी काढणारही आहे. पण गाडी आत्ता सुटत होती.

"तिथं माणूस आहे," मी म्हणाले.

"कुठं?" तो हसला. "कोण माणूस?"

"जानीमावशी," दीपू पुस्तकातून मान वर न करता म्हणाली.

त्यानं फळीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग कुणीच हसत नाही म्हणून त्याचंही हसू विरलं, आणि त्यानं फळी लावून घेतली.

गाडी निघाली. हलकी, चटकन वेग घेणारी. दीपू पुन्हा झुलायला लागली, बलाच्या सम प्रमाणात, वस्तुमानाच्या व्यस्त प्रमाणात. जिथं पूर्वी उतरणीचा पायथा होता तिथं रस्ता आता नुसता हाताएवढा उचललेला आहे. गाडी मंदावली नाही. तिला मंदावायचं कारणच नव्हतं. पण सगळ्यांचे डोळे उघडले.

आणि आईनं बाहेर बघत बघतच आपले गुडघे जरा आत ओढून घेतले, कुणाला तरी उतरायला वाट द्यावी तसे.